दगडामागची पाचवी

वाटूर फाट्यावर खोली शोधत हिंडत होतो, तेव्हा तीन घरमालकांनी मला तेच तीन प्रश्न विचारले. लग्न झालंय का, मटण खाता का, आणि मित्र किती येतात. मी तिन्ही ठिकाणी नापास झालो. चौथ्या घरी मामा भेटले. सगळा फाटा त्यांना मामाच म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीवर बसवलं, चहाचंही नाव न काढता डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उपकेंद्रावर नवे ऑपरेटर आल्ते म्हणतेत, ते तुम्हीच न्हवं का?"

"हो."

"लाइट जायची आसंल तर तुम्हाला आधी कळतं?"

"बंद करणारा माझाच हात असतो. कळणारच."

"मंग खोली तुमची. भाड्याचं मामीसंग बोला. माझी एकच अट. लाइट बंद करायच्या आधी मला फोन करायचा. आधी. मागून केलेला फोन मला बिलकुल चालत न्हाई."

मला वाटलं, घरात कुणी ऑक्सिजनवर असावं. आवाज खाली आणून मी विचारलं, "कुणी आजारी आहे का?"

"आजारी न्हाई, नाजूक हायेत. पाच जणी."

पाच नाजूक पोरी असलेल्या घरात अविवाहित माणसाला खोली देणारा हा बाप कोण, असा विचार करत मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात मामांनी आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. तीन फूट लांबीची काचेची पेटी होती. निळसर उजेड, दगड, बुडबुडे, आणि हळदीच्या रंगाचा एक मासा माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होता.

"हा समुद्र," मामा म्हणाले. माझी ओळख करून देत माशाला म्हणाले, "आन् हे आपले लाइटवाले."

जालना जिल्ह्यातून खरा समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. आमच्याकडे मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि पाहुण्याला अर्धाच ग्लास भरून देतात. अशा ठिकाणी या गृहस्थाने खारा समुद्र पाळला होता. तोही जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून तीस वर्षं बैलांच्या खांद्याला मलम लावून निवृत्त झालेल्या माणसाने, ज्याचा बाप आयुष्यभर मेंढरांमागे फिरला.

या समुद्राचा उगम एका किडक्या दाढेत होता. मामा दाढ काढायला जालन्याला गेले होते. दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना समोरच्या पेटीत पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा दिसला. मामांनी चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं आणि थेट आत जाऊन, दुसऱ्या पेशंटच्या उघड्या तोंडावरून डॉक्टरांना सांगितलं, "त्याला खरूज झालीया."

डॉक्टर म्हणाले, "कुणाला?"

"बाहेरच्या बांडीला. अंगावर पांढरे दाणे हायेत, दगडाला अंग घासून राह्यलीय."

डॉक्टरांनी समजावलं की तो मासा आहे. मामा म्हणाले, "आसंल की. खरूज कुनालाबी होती." डॉक्टर त्या पेटीला आधीच कंटाळले होते. एवढं कळतं तर घेऊनच जा, म्हणाले. मामा पेटी, मासा आणि मिठाचं पोतं घेऊन टेंपोतून परत आले. दाढ तशीच राहिली. मी तिथे राहिलो ती सगळी वर्षं ते डाव्या बाजूनेच जेवत आणि उजवीकडे लवंग दाबून ठेवत.

माशांना नावं ठेवणं त्यांना पसंत नव्हतं. मेंढरांना रंगावरून ओळखतात, तसंच इथे. पिवळी ती हळदी. नारिंगी-पांढऱ्या दोघी त्या बांड्या. एक निळी. आणि पाचवी लाजरी, करंगळीएवढी, दिवसभर दगडामागच्या बिळात बसायची आणि खाणं पडलं की डोळ्यापुरती बाहेर यायची. तिचा रंग कोणता हे मला दोन महिने कळलं नाही.

त्यांचं सगळं शास्त्र तीन प्रश्नांत मावत असे. खाल्लं का, हागलं का, हिंडलं का. "ह्या तीन गोष्टी बराबर असल्या तर डॉक्टरला उठवू नका. एक बी चुकली तर झोपू नका." सकाळी मी ड्यूटीवर निघालो की मामा पेटीसमोर उकिडवे बसलेले असत आणि माशाच्या मागे लोंबणारा दोरा पाहून निकाल देत. "आज पातळ हाय. काल जास्त झालं वाटतं." हे ऐकत ऐकत मी पोहे खायला शिकलो.

खाणं घालताना हातात दवाखान्यातलं जुनं घड्याळ असे. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं. जे उरलं ते नळीने लगेच ओढून घ्यायचं, कारण उरलेलं अन्न सडलं की पाणी नासतं आणि पाणी नासलं की मासा मरतो. "मासा उपाशी मरत न्हाई, लाडानं मरतो," हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, विशेषतः ज्याच्या हातात बिस्किट असेल त्याला. हळदीला पाला लागे. पुण्याहून कुरियरने सुकलेल्या समुद्री शेवाळाचे कागद येत, ते मामा कपड्याच्या चिमट्यात धरून पाण्यात लावत. हळदी रुसली की त्यावर लसणाचा रस चोळत. लसूण लावला की रुसलेलं मेंढरूही तोंड लावतं, हा त्यांच्या वडिलांचा उपाय होता. मी मनात हसलो होतो. हळदीने दोन घासांत अर्धा कागद संपवला, तेव्हा हसू आवरलं.

नवीन जनावर कळपात एकदम सोडायचं नाही, महिनाभर वेगळं बांधायचं, हाही वडिलांचाच नियम. ते वेगळं बांधायची जागा म्हणजे माझी खोली. निळी पेटीत येण्याआधी महिनाभर माझ्या खाटेखाली प्लॅस्टिकच्या टबात राहत होती. खोली दाखवताना ही गोष्ट माझ्यापासून लपवली गेली होती. मी तक्रार केली तर मामा म्हणाले, "तुमचं तोंड बघून बघून तिला माणसाची सवय झाली. लई उपकार झाले."

मे महिन्यात पाणी थंड ठेवायला फाट्यावरच्या फ्रिज दुरुस्तीवाल्या चाचांनी एका भंगार फ्रिजचं यंत्र काढून पेटीला जोडलं होतं. वर एक कूलरही पेटीवर वारा मारत असे. मामा-मामी मात्र छताच्या पंख्याखाली, तोही दोनवर. चाचा कपाळ पुसत म्हणायचे, "मामू, मछली कू कूलर और घरवाली कू पंखा? कयामत के दिन क्या जवाब देते?"

"ती जवाब मागत न्हाई," मामा मामींकडे बघून म्हणायचे.

मामी मागत होत्या, पण वेगळ्या गोष्टीचा. पहिल्या वर्षी तीन मासे गेले होते. त्यात डॉक्टरांकडची ती पहिली बांडीही होती. पहिला गेला त्या दिवशी मामींनी चूल पेटवली नाही. दुसऱ्याला त्या दारात बसून रडल्या, तर शेजारणी कुणाचं काय झालं विचारायला आल्या आणि खरं कळल्यावर हसत परत गेल्या. तिसऱ्याला परसातल्या मोसंबीच्या झाडाखाली पुरल्यावर मामींनी हात धुतले आणि निकाल दिला. "आता ह्या पाचातली एक जरी गेली, तर पेटी भंगारात. मला पसारा चालतो, तुमची बडबड चालती. घरात मयत चालत न्हाई."

मामींचा शब्द म्हणजे शब्द होता. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मामांची तंबाखू एका वाक्यात बंद केली होती. त्यामुळे मामा त्या पेटीभोवती जीव मुठीत धरून वावरत. वादळ आलं की मी फोन करायच्या आधीच उपकेंद्रावर मामांचा फोन वाजे. माझे साहेब एकदा वैतागून म्हणाले, "अरे, तुझ्या त्या समुद्राला विचार, आता बंद करू का लाइन?" मी खरंच विचारलं. मामा म्हणाले, "धा मिनटं द्या, बॅटरीवरचा हवेचा पंप लावतो." आणि साहेबांनी दिली.

दिवेलागणीला मोजणी होई. वाडग्याच्या, म्हणजे कळपाच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभं राहून मेंढरं मोजतात तसे मामा बोट पुढे करून उभे राहत. "हळदी एक. बांडी दोन. दुसरी बांडी तीन. निळी चार." मग गुडघा कडकन वाजवत वाकत, काचेला गाल लावून आत पाहत. "पाचवी दगडामागं."

आतून मामी विचारत, "बराबर?"

"बराबर."

आणि मगच मामी पहिली भाकरी थापायला घेत. हे मी रोज ऐकलं. कधीकधी मला वाटतं, त्या घरात देवाचा दिवासुद्धा या मोजणीनंतर लागायचा.

मग भाचीचं लग्न आलं. मामांची बहीण अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत असे. नवरीचा मामा म्हणून त्यांना हळद लागण्यापासून हजर राहणं भाग होतं. मामींचे गुडघे त्या आठवड्यात फार दुखत होते, म्हणून त्या घरी राहिल्या. तीन दिवसांसाठी समुद्र माझ्या आणि मामींच्या ताब्यात आला. जाताना मामांनी दवाखान्याच्या केसपेपरसारखी एक चिठ्ठी लिहून दिली. सकाळी चिमटीभर. संध्याकाळी चिमटीभर. पाणी रेघेपर्यंत भरत जावे. शंका आल्यास काहीही करू नये.

शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवरून आलो, तर पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. कूलरचा वारा आणि बेचाळीस अंशांचं ऊन. भरायला हवं होतं. पण कसलं पाणी? चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. मी शहाणपणाने म्हणालो, "समुद्राचे मासे आहेत, गोडं पाणी टाकलं तर मरतील." मामी म्हणाल्या, "मंग खारं करू की. त्यात काय अवघड?"

मामींच्या हातची खारवलेली कैरी फाट्यावर प्रसिद्ध होती. त्यांनी पातेल्यात पिण्याच्या जारचं पाणी घेतलं, मामांच्या पोत्यातलं मीठ घातलं, ढवळलं आणि एक गावरान अंडं अलगद सोडलं. अंडं बुडालं. आणखी मीठ. अंडं डुलत मध्यावर आलं. आणखी मीठ. शेवटी जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं टोक पाण्यावर आलं, तशा मामी समाधानाने म्हणाल्या, "झालं बराबर. माझी आई आसंच करायची." मी पातेलं उचलून समुद्रात रिकामं केलं. आम्ही दोघे एकमेकांवर फार खूश होतो.

सकाळी हळदी कोपऱ्यात तिरकी पडून धापा टाकत होती. बांड्या वरच्या पृष्ठभागाला तोंड लावून होत्या. खाणं टाकलं, तर कुणी वळूनही पाहिलं नाही. तीन प्रश्नांपैकी तिन्ही चुकले होते.

मामी काचेसमोर बसल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अट त्यांचीच होती, आणि मिठाचा हातही त्यांचाच. "फोन लावा," त्या म्हणाल्या, "जल्दी लावा."

मामांनी उचलला तेव्हा मागे सनई वाजत होती. ते नवरीच्या पाठीमागे उभे होते, डोक्याला फेटा, आणि मोबाइल फेट्यात कानाशी खोचलेला. मी घडलं ते सांगितलं. मागे भटजींचा माइक चालूच होता.

"पाणी उडून जातं," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "मीठ कुठं उडून जातं का? ते आतच राहतं. वरून गोडंच घालायचं आसतं, देवा! कपाटात एक प्लॅस्टिकची डबी हाय, तिच्यात खारटपणा मोजायचा काटा हाय. पाणी भरून बघा, काटा कुठं जातो."

मी पाहिलं. "हिरव्या पट्ट्याच्या पार वर गेलाय."

"मंग ऐका. एकदम गोडं वतू नका, दणका बसंल. पंधरा मिनटाला दोन तांबे खारं काढा, दोन तांबे गोडं घाला. काटा पट्ट्यात येस्तोवर. हवा चालू ठेवा. आन् हळू... हळू..."

"शुभ मंगल सावधान!" माइक गरजला.

"तेच म्हणून राह्यलो मी!" मामा ओरडले, अक्षतांचा वर्षाव झाला आणि फोन बंद पडला.

त्या दिवशी मी रजा टाकली. कारण काय लिहू म्हणून साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिही, समुद्र बिघडला." घरातला जार संपला, तसे चाचा आपल्या दुकानातले दोन जार सायकलला लटकवून घेऊन आले. मामी तांब्याने काढत होत्या, मी तांब्याने घालत होतो आणि चाचा घड्याळ धरून दर पंधरा मिनिटांनी "चलो!" म्हणत होते. दुपारभर मामींनी स्वतः पाण्याचा घोट घेतला नाही. मी म्हणालो, "मामी, प्या की," तर म्हणाल्या, "आधी त्यांचं होऊ द्या." चार वाजता काटा हिरव्या पट्ट्यात आला.

मामा पाचच्या सुमारास पोचले. व्याह्यांच्या पंगतीला न थांबता, कुणाच्या तरी मोटारसायकलवर, फेट्यासकट. मिशीत अक्षता अडकलेल्या होत्या. ते थेट पेटीसमोर उकिडवे बसले. मामी पाठीमागून म्हणाल्या, "मीच घातलं मीठ. ह्यांचा काही दोष न्हाई."

मामांनी लसूण मागवला. चिमट्यात शेवाळाचा कागद लावला. हळदी हलली नाही. आम्ही चौघे त्या माशाकडे असे पाहत होतो, जणू निवडणुकीचा निकाल लागणार आहे. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. मग हळदी हळूच सरळ झाली. कागदाकडे नाही गेली, नुसती एक गिरकी घेतली, आणि तिच्या मागे एक बारीक हिरवट दोरा दिसू लागला.

"हागली!" मामा ओरडले.

"हागली!" मामी ओरडल्या.

"मुबारक हो!" चाचा म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली. मामांनी फेटा काढून मामींच्या डोक्यावर ठेवला. मामी लाजून "अहो, काय हे!" म्हणाल्या, पण काढला नाही. मी शेजारी जाऊन सांगून आलो. का सांगितलं, माहीत नाही, पण आनंद घरात मावत नव्हता.

दिवेलागणीला मोजणी झाली. हळदी एक, दोन बांड्या, निळी चार. गुडघा कडकन वाजला. मामा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिले. "पाचवी दगडामागं."

"बराबर?" मामींनी विचारलं.

"बराबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दूध आणायला गेले होते. मी पेटीची गाळणी साफ करायला घेतली. स्पंजाला चिकटलेली लाजरी सापडली. तेव्हा तिचा रंग पहिल्यांदा नीट दिसला. फिकट सोनेरी होती. ती हातात घेऊन मी वळलो, तर दारात मामी. त्यांनी तळहात पुढे केला, तिला घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. वाटलं, आता चाचांना बोलावतील, पेटी भंगारात जाईल.

"ह्यांना बोलू नका," मामी म्हणाल्या. "त्यांना वाटून राह्यलंय, पाच हायेत. माझ्या हातानं गेली म्हणून कळलं तर मला काही बोलणार न्हाईत, अन् आतल्या आत कुढत बसतील." परसात जाऊन त्यांनी स्वतः मोसंबीखाली माती उकरली. डोळे पुसले, पण त्या दिवशी चूल पेटली.

त्याच दुपारी मामांनी मला मागच्या दाराशी गाठलं. "लाजरी गेली बरं का."

मी आधी मामी कुठे आहेत ते पाहिलं.

"काल सांजीलाच गेल्ती. गाळणीत दिसली मला. मामी समोर व्हती म्हणून हात लावला न्हाई. सकाळी काढायला गेलो तर न्हाई. तुम्हीच काढली ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं. मामीला बोलू नका. तिच्या हातानं झालं. जन्मभर जिवाला लावून घेईल."

"मग काल खोटं मोजलं तुम्ही?"

मामांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "वाडग्यात दिसत न्हाई म्हणून ती आपली न्हाई का?"

मला त्या दोघांचा भयंकर राग आला. एक माशाचं गुपित नवऱ्यापासून लपवत होती, दुसरा तेच गुपित बायकोपासून, आणि मधल्या मध्ये चोर झालो होतो मी. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून त्या दोघांवर माझा जो जीव जडला तो सुटला नाही. पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी मी ती मोजणी ऐकली. दोघांच्या आवाजात कधी तसूभर फरक पडला नाही. मामींच्या अटीप्रमाणे पेटीत कुणी मेलंच नव्हतं, त्यामुळे पेटीही हलली नाही.

माझी बदली झाली. मागच्या महिन्यात परतूरला काम निघालं म्हणून वाकडी वाट करून फाट्यावर उतरलो. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी लावून ओसरीवर बसले होते. आणखी दोघी नव्या आल्या होत्या. हळदी चांगली गुबगुबीत झाली होती आणि तिने मला ओळखल्यासारखं केलं. दाढ अजून तशीच होती.

दिवे लागले. मामा म्हणाले, "मला दिसत न्हाई, आज तुम्ही मोजा."

मी पेटीसमोर उभा राहिलो. बोट पुढे केलं. हळदी, दोन बांड्या, निळी, दोघी नव्या. सहा. मी वाकलो, आता माझाही गुडघा वाजतो, आणि काचेला गाल लावून दगडामागे पाहिलं. तिथे वाळू होती.

आतून मामींनी विचारलं, "बराबर?"

मामांनी पट्टीखालून माझ्याकडे मान वळवली. आत पीठ मळायचा आवाजही थांबला होता.

"बराबर," मी म्हणालो. "सात. सातवी दगडामागं."

आत भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.